फोमच्या चटईसाठी घरी शिवलेली खोळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेकला, वारीला किंवा हुरड्याच्या दिवसांत रानात जागलीला नेतात ती फोमची चटई वजनाला कापसासारखी असते आणि आकाराने पिंपासारखी. लातुरातले मित्र आणि गावाकडची मंडळी तिच्या खोळीबद्दल तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी शिंपी नाही. आईच्या पायमशीनवर पाच-सहा खोळी शिवल्यात, त्यातल्या पहिल्या दोन वाया गेल्या. त्या का वाया गेल्या हे कळल्यावर बाकीचं सोपं झालं.

खोळ हवीच कशाला? दोरीने बांधली तर चालत नाही का?

चालते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन लांब तुकडे कापा, चटईभोवती ताणून गाठ मारा, काम झालं. वर्षातून एकदाच कुठे जात असाल तर पुढचं वाचूच नका.

पण आपल्याकडच्या माळरानावरून पावसाळ्यानंतर चालून पाहा. कुसळं फोममध्ये अशी घुसतात की रात्री पाठीला टोचल्यावरच सापडतात. सराटे, बाभळीचे काटे वेगळेच. पावसाळ्यात काळी माती एकदा चटईच्या कडेला चिकटली की झोपायच्या जागेपर्यंत सोबत येते. शिवाय एसटीच्या डिकीत पाट्या, पोती आणि पत्र्याच्या पेट्यांमध्ये उघडी चटई टाकली की तिच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. मऊ फोमला पेटीचा एक कोपरा पुरतो.

माझी चटई नक्की कोणत्या प्रकारची आहे? त्याने शिवणात काही फरक पडतो का?

एक कोपरा पाण्यात बुडवून दाबा. पाणी प्यायली नाही तर ती बंद छिद्रांच्या फोमची. निळी, काळी किंवा एका बाजूला चांदीसारखा कागद असलेली चटई बहुतेक हीच असते. गादीच्या स्पंजासारखी पाणी पीत असेल तर उघड्या छिद्रांची. तिला हवा लागणारी सुती खोळच द्या.

पंख्यासारखी घडी पडणारी चटई असेल तर तिचा गठ्ठा गोल नसून लांबट चौकोनी ठोकळा होतो. मापाची रीत तीच, फक्त गोल बुडाऐवजी चौकोनी बूड करायचं. ते खाली सांगितलंय.

माप कसं घ्यायचं?

चटई गुंडाळून जमिनीवर ठेवा, इंचटेप पोटाभोवती फिरवा आणि घेर लिहून घ्या. मग उंची, म्हणजे चटईची रुंदी. एवढी दोनच मापं.

फक्त ती गुंडाळायची कशी, यावर सगळं अवलंबून आहे. घरी फरशीवर, पंख्याखाली, गुडघ्याने दाबत दाबत गुंडाळलेल्या चटईचं माप घेऊ नका. एका दमात, आळसाने, जशी येईल तशी गुंडाळा आणि त्या गुंडाळीचा घेर घ्या. माझी पहिली खोळ इथेच चुकली. घरी गुंडाळीचा व्यास १६ सेंटिमीटर भरला, मी बरोबर सोळाची खोळ शिवली. अंगावर बेतलेल्या ब्लाउजसारखी बसली, म्हणून दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरलो. मग आम्ही कळसूबाईला गेलो. पायथ्याच्या बारी गावात पहाटे साडेपाचला बोटं गारठलेली, चटई दवाने ओली, निघायची घाई. सोळाची गुंडाळी अठराची झाली. एकाने खोळ धरली, दुसऱ्याने चटई धरली, मी वरून दाबत होतो, आणि शिवण टर्रकन उसवली. सगळा डोंगर चटई काखेत घेऊन चढलो.

घरी आल्यावर आईने उसवलेली खोळ पाहिली आणि मला पुन्हा चटई भरायला लावली. दोन मिनिटं माझी झटापट पाहून म्हणाली, "काय करलालास रे? चटई कोंबलालास का पोतं भरलालास?" तिचं म्हणणं, खोळ गादीची असते तशी सैल असावी, हात आत घालून फिरवता आला पाहिजे.

तर, आळसाने गुंडाळलेल्या चटईचा घेर घ्या आणि त्यात आणखी ५ सेंटिमीटर मिळवा.

इतकी सैल ठेवली तर चटई आत लोळणार नाही का?

नाही. फोम स्वतःच उलगडू पाहतो. आत गेल्यावर गुंडाळी थोडी सुटते आणि खोळीच्या भिंतीला जाऊन टेकते. सैल खोळ दहा मिनिटांत आपोआप भरलेली दिसते.

चटई अजून घेतली नाही, पण खोळ आधी शिवायची आहे. व्यास गणिताने काढता येतो का?

येतो. गुंडाळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ म्हणजे चटईची लांबी गुणिले जाडी. त्याला ४ ने गुणा, ३.१४ ने भागा आणि वर्गमूळ काढा. १८० सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर जाड चटईचा व्यास १५ सेंटिमीटरच्या किंचित वर येतो. ८ मिलिमीटर जाडीला साडेतेरा. १७३ सेंटिमीटर लांबीच्या ६ मिलिमीटर जाड योगा मॅटला साडेअकरा.

हा व्यास मधे जराही पोकळी न राहता गुंडाळलेल्या चटईचा आहे. तशी चटई फक्त कागदावर गुंडाळली जाते. यात २ ते ३ सेंटिमीटर वाढवा, तो तुमचा खरा व्यास. पण खरं सांगू, चटई येऊ द्या आणि मग मोजा.

कापड किती लागेल? एक उदाहरण द्या.

समजा व्यास १८ सेंटिमीटर, उंची ६० सेंटिमीटर. घेर झाला सुमारे ५७.

आडवं माप : ५७ अधिक सैलपणा ५ अधिक दोन्ही कडांना दीड-दीड शिवणीचं, म्हणजे ६५.

उभं माप : ६० अधिक बुडाच्या शिवणीला दीड, अधिक वरचं तोंड झाकायला व्यासाच्या निम्मे ९, अधिक नेफ्याला, म्हणजे नाडी ओवायच्या दुमडीला, ४. आले साडेचौऱ्याहत्तर, ७५ धरा.

बूड : शिवून झाल्यावर नळीचा घेर ६२ राहतो. त्याला ३.१४ ने भागलं की पावणेवीस, त्यात दोन्ही बाजूंचं दीड-दीड मिळवा. २३ सेंटिमीटर व्यासाची चकती कापा.

४४ इंची पन्ह्याचं (रुंदीचं) कापड असेल तर पाऊण मीटरमध्ये नळी, चकती आणि पट्ट्याची पट्टी सगळं निघतं. ३६ इंची पन्ह्यातही निघतं, पण चकती जेमतेम बसते, पट्ट्याला सलग पट्टी उरत नाही. सुती असेल तर एक मीटर घ्या, कारण आधी धुऊन आटवायचंय. न धुता शिवलेली मांजरपाटाची खोळ ही माझी दुसरी वाया गेलेली खोळ. तिच्यात आता आईच्या लाटलेल्या पापडांचे डबे असतात.

कोणतं कापड चांगलं?

दुकानात "पॅराशूट कापड" किंवा "रेनकोटचं कापड" म्हणून मागा. पातळ, हलकं, पटकन वाळणारं. कुसळं त्याला फारशी धरत नाहीत, घसरतात. अख्खी खोळ नाडीसकट पन्नास ग्रॅमच्या आसपास होते. पाठीवर वाहायची असेल तर दुसरं काही बघू नका. फक्त हे कापड मशीनखाली सरकतं आणि कडेला दोरे सुटतात, त्याचा इलाज पुढे आहे.

मांजरपाट किंवा जाडी खादी शिकणाऱ्यासाठी उत्तम. हाताखाली सरळ राहतं, टाचण्या लागतात, चूक उसवली तरी भोकं दिसत नाहीत. खादी आपल्या भागाला परकी नाही. नांदेडला तयार होणाऱ्या तिरंग्यांचं कापड उदगीरकडे विणलेलं असतं. मात्र सुती खोळ पावसात भिजली की जड होते आणि श्रावणात दोन दिवस वाळत नाही.

जुनी छत्री फेकू नका. आठ त्रिकोणी फाळ्या निघतात. जोडकाम वाढतं, पण बुडाची चकती तिच्यातून काढावी, ओल्या जमिनीवर टेकते ती बाजू तीच.

डेनिम मजबूत, पण चटई चारेकशे ग्रॅमची आणि खोळ तिच्या निम्म्या वजनाची, हे काही पटत नाही. घरातच ठेवायची असेल तर ठीक.

फ्लेक्सबद्दल हमखास विचारतात, कारण वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स आपल्याकडे कधी कमी पडत नाहीत. मी करून पाहिलं. घडीवर तडे जातात, चालताना करकर वाजतं, आणि उन्हात खोळीतून कुणीतरी दादा सतत हात जोडून बघत असतो. ते गोठ्यावर घाला.

गोल बूड बसवताना कापड गोळा होतं. काय चुकतंय?

बहुतेक वेळा चकतीच चुकलेली असते. व्यासात एका सेंटिमीटरची चूक झाली की घेरात तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. ताटलीभोवती खडू फिरवून चकती कापू नका. ताटली तुमच्या मापाची कशाला असेल? दोऱ्याच्या एका टोकाला खडू, दुसऱ्याला टाचणी, मधे साडेअकरा सेंटिमीटर. असा फिरवा.

मग चकतीची घडी घालून चार खुणा करा, त्यांच्या मधे आणखी चार. नळीच्या खालच्या काठालाही तशाच आठ खुणा. लातूरच्या बाजारपेठेतली गंजगोलाई बघितली असेल तर लक्षात येईल, सोळा रस्ते सगळ्या बाजूंनी सारखे येऊन मिळतात म्हणून तो गोल गोल वाटतो. इथे आठ पुरतात. खुणेला खूण जोडा, सुती कापडाला टाचणी लावा, पॅराशूट कापडाला कपडे वाळत घालायचे चिमटे. त्या कापडात टाचणीचं भोक कायमचं राहतं.

नळीच्या काठापासून सव्वा सेंटिमीटरवर आधी एक साधी टीप मारून घ्या. मग दर दोन-अडीच सेंटिमीटरवर कात्रीने काठाला एकेक सेंटिमीटरचे कातरे द्या. कातरे उघडतात आणि सरळ काठ गोलाला वळतो. ती आधीची टीप असल्यामुळे कातरा पुढे पळत नाही. शिवताना चकती खाली आणि नळी वर ठेवा, म्हणजे चुण्या डोळ्यासमोर राहतात. चौथा भाग झाला की थांबा, सुई कापडातच ठेवून पाय उचला, कापड फिरवा.

एवढं गणित नको. सोपं बूड नाही का?

आहे. नळीचं खालचं तोंड पिशवीसारखं सरळ शिवून टाका. मग खोळ उलटीच ठेवून दोन्ही कोपरे चिमटीत धरून त्रिकोणासारखे चपटे करा आणि टोकाच्या आत आडवी टीप मारा. आपल्या उदाहरणात ही टीप साडेपंधरा सेंटिमीटर लांब असेल तिथे यायला हवी. टोकं कापून टाका. बाजाराच्या पिशवीला खालून जे चौकोनी बूड असतं, ते असंच केलेलं असतं. उभ्या मापात मात्र ८ सेंटिमीटर जास्त घ्या, कारण तेवढी उंची बुडात जाते. घडीच्या चटईला तर हेच बूड योग्य.

शिवायचा क्रम काय ठेवू?

पट्टा लावायचा असेल तर तो सर्वांत आधी, कापड सपाट असताना. मग उभी शिवण, मग नेफा, आणि बूड शेवटी.

उभी शिवण दुहेरी घाला. कापडाच्या उलट बाजू आत ठेवून काठापासून अर्ध्या सेंटिमीटरवर पहिली टीप. सुटलेले दोरे कापा, खोळ उलटवा, आता सुलट बाजू आत ठेवून एका सेंटिमीटरवर दुसरी टीप. कापडाच्या कडा या दोन टिपांमध्ये बंद होतात आणि आत दोऱ्यांची दाढी राहत नाही. वरची ६ सेंटिमीटर मात्र शिवू नका. तिथल्या दोन्ही कडा आत दुमडून वेगळी टीप मारा. वरचा काठ आधी १ आणि मग ३ सेंटिमीटर दुमडून नेफा शिवला की नाडी बाहेर यायला जागा तयार, काज करायची गरज नाही.

नाडी ओवायला सेफ्टी पिन. नाडीची लांबी तोंडाच्या घेरापेक्षा वीतभर जास्त. पायजम्याची सुती नाडी भिजली की गाठ सुटत नाही, म्हणून नायलॉनची घ्या. जुन्या रेनकोटच्या टोपीचा दाबायचा लॉक मिळाला तर गाठीचीही कटकट नाही.

नाडीऐवजी चेन लावली तर?

छान दिसते. चिखलात दोन पावसाळ्यांत अडकते. नाडी तुटली तर बुटाची लेस ओवता येते.

पॅराशूट कापडावर मशीन टाके सोडते. कंटाळलो आहे.

सुई बघा. ब्लाउज शिवून बोथट झालेली १६ नंबरची सुई या कापडाला चालत नाही. ११ नंबरची नवी सुई लावा. मांजरपाटाला १४, नवारीचा पट्टा जोडायला १६ किंवा १८. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती दोरा ओलाव्यात कुजतो.

टाका मोठा ठेवा, साधारण ३ मिलिमीटर. बारीक टाके म्हणजे जास्त मजबुती हा गैरसमज आहे. या कापडावर बारीक टाके घातले की भोकांची रांग तयार होते आणि ताण आला की पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. कापड फारच सरकत असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी धरा, शिवून झाल्यावर फाडून काढा.

सुटणाऱ्या कडांना पेटत्या उदबत्तीचं टोक हळूच फिरवा, कडा वितळून बसते. आधी एक दोरा जाळून बघा. टोकाला कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. कागदासारखा जळून राख झाली तर सुती, तिथे उदबत्ती देवापुढेच ठेवा.

मशीन नाही. हाताने शिवता येईल का?

बिनधास्त. ज्या घरात वाकळा शिवल्या जातात तिथे हा प्रश्न पडायला नको. फक्त वाकळेचा धावदोरा इथे पुरत नाही, ताण आला की चुणी पडते. उलट टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाका अर्धा मागे येऊन पुढे जायचा. दुहेरी दोरा, दोऱ्याला मेणबत्ती चोळलेली. आमच्या मामीने दोन दुपारी रेडिओ ऐकत अख्खी खोळ अशी शिवली आणि ती माझ्या सगळ्या खोळींपेक्षा जास्त टिकली आहे.

खांद्याचा पट्टा कसा लावू?

बाजेची नवार किंवा जुन्या दप्तराचा पट्टा, सुमारे एक मीटर. एक टोक वरून १५ सेंटिमीटरवर, दुसरं बुडापासून १० सेंटिमीटरवर, दोन्ही एकाच उभ्या रेषेत. टोक दुमडून चौकोनी टीप मारा आणि चौकोनात फुली. पातळ कापड असेल तर आतून जाड कापडाचा ठिगळाएवढा तुकडा आधाराला घ्या, नाहीतर पट्टा राहतो आणि कापड निघून येतं. चटई हलकी आहे म्हणून हे टाळू नका. गर्दीत पट्टा कुणाच्या तरी कोपरात अडकतोच.

खोळ वॉटरप्रूफ करावी का?

बंद छिद्रांचा फोम पाणी पीत नाही, मग एवढा आटापिटा कशाला? सुईच्या भोकांतून पाणी येणारच. खरी अडचण उलटी आहे. दवाने ओली झालेली चटई पाणी न सोडणाऱ्या खोळीत दिवसभर राहिली तर संध्याकाळी तिला ओल्या कांबळीचा वास येतो. मी तर बुडाला मुद्दाम दोन आयलेट, म्हणजे धातूच्या कडीची भोकं, मारून घेतो. बॅनर छापणाऱ्यांकडे ती हातोडीने ठोकून मिळतात.

वारीची गोष्ट वेगळी. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर निघणाऱ्याला ज्येष्ठ-आषाढाचे पंधरा-वीस दिवस उघड्यावर काढायचे असतात, आणि चटईबरोबर खोळीत चादर आणि धोतरही असतं. तिथे आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घाला. फाटली तर वाटेत दुसरी मिळते, खोळ मिळत नाही.

घरी चटई खोळीतच ठेवायची का?

सैल खोळ असेल तर ठेवा. घट्ट आवळून वर्षभर ठेवलेला फोम दबलेलाच राहतो आणि अंथरली की चटई दोन्ही टोकांनी वर येते. शक्य असेल तर पलंगाखाली उलगडून सपाट ठेवावी.

पत्र्याच्या खोलीत माळ्यावर मात्र टाकू नका. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना पत्र्याखाली काय होतं ते आपल्याला माहीत आहे. हा फोम उष्णतेने आकसतो आणि वाकडा होतो. बंद गाडीच्या काचेमागेही तेच. खुंटीला टांगा, उंदीरही लांब राहतात.

खोळ धुवायची कशी?

काळी माती ओली असताना घासू नका, आणखी आत बसते. वाळू द्या, उलटी करून झटका, मग साध्या साबणाने. पॅराशूट कापडाला इस्त्री लावाल तर भोक पडेल.

जुन्या पँटच्या पायाची खोळ होते का?

योगा मॅटची होते. मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, निदान ४५ सेंटिमीटर घेराची हवी. जाड चटईला ती पुरत नाही, पाय उसवून दोन्ही पाय जोडावे लागतात, आणि तेवढ्या कष्टात नवी खोळ शिवून होते.

शिवून घ्यायची असेल तर टेलरला काय सांगू?

चटई सोबत घेऊन जा आणि दुकानात सगळ्यांसमोर आळसाने गुंडाळून दाखवा. नुसतं माप कागदावर दिलं तर तो सवयीने अंगाबरोबर शिवून देईल, हातात सफाई आहे ना त्याच्या. आणि बाहेरून एखादा ठसठशीत रंगाचा तुकडा लावायला सांगा. मुक्कामाला दहा निळ्या चटया एका भिंतीला उभ्या असतात. आमच्या खोळींवर आईच्या जुन्या इरकलीचा लाल काठ आहे, तो अंधारात टॉर्च मारला तरी ओळखू येतो.